उजव्या कुशीतला भाऊ

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या. एकोणीस दिवस. मी विसरले नव्हते, गोळ्या संपल्या नव्हत्या, कुणी भरीलाही घातलं नव्हतं. यकृत बदललेल्या माणसाने या गोळ्या थांबवल्या तर काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. तरीही बंद केल्या, आणि त्या वेळी ते मला अगदी बरोबर वाटत होतं.

एवढं लिहायला मला चार महिने लागले आहेत. एखाद्या दिवशी पान होतं, एखाद्या दिवशी एकच ओळ. ज्यांचं असं ऑपरेशन झालं आहे किंवा व्हायचं आहे, त्यांनी वाचावं म्हणून लिहिते. काय खायचं, कोणती तपासणी कधी करायची, हे तुम्हाला हॉस्पिटलात सांगतील. मला सांगायचं आहे ते असं की, आपल्या पोटात नेमकं काय घडलं आहे याची एक गोष्ट प्रत्येक जण मनाशी रचतो. ती कुणाला सांगत नाही. आणि गोळी तोंडात जायची की नाही, हे शेवटी ती गोष्ट ठरवते.

जुनी नावं

मी कोल्हापुरातल्या एका शाळेची ग्रंथपाल. आजार कळला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. लग्न केलं नाही. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहते. दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही, हे सांगायची आता सवयच झाली आहे, कारण 'लिव्हर' म्हटलं की समोरचा माणूस आधी वेगळ्याच नजरेने बघतो.

आधी घोटे सुजले, मग अंगाला खाज सुटली. दोन्हींचा दोष मी उन्हाळ्याला दिला. एका दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि पुस्तकांच्या देवघेवीचं रजिस्टर समोर ठेवलं. तीन दिवसांच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या, पण नावं त्या वर्षीच्या मुलांची नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलांना मी पुस्तकं दिली होती. त्यातली एक मुलगी केव्हाच वारली होती. तिच्या नावापुढे मी परतीची तारीखसुद्धा घातली होती. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुबक आलं होतं.

मुख्याध्यापकांनी रजिस्टर मिटलं. "बाई, तुम्हाला बरं नाही," एवढंच म्हणाले, आणि माझ्या भावाला फोन लावला.

दत्ता माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मुरगूडजवळ आमचं गाव, तिथे तो शेती आणि सहा म्हशी सांभाळायचा. बायको शालन, शाळेत जाणारी एक मुलगी, आणि आमची आई. आमचे वडील फार पूर्वीच गेले. दत्ता शेणाने भरलेल्या चपलांनिशीच आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, माझ्याच शरीराने माझ्याच यकृताला परकं समजून वर्षानुवर्षं थोडं थोडं कुरतडलं आहे. रक्त साफ होईना, त्यातली घाण डोक्यात चढू लागली, म्हणून ती जुनी नावं. आता बदलल्याशिवाय इलाज नाही.

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. दत्ता खुर्ची पुढे ओढून बसला.

"साहेब, ह्यो पार्ट काय बाजारात मिळायचा न्हाय. मग कुणाचा चालतोय?"

"जवळच्या नातेवाइकाचा. रक्तगट जुळला तर अर्ध्याहून जास्त काढून घेतात. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं."

"मग बघा की माझा जुळतोय का."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर रागावले. तो म्हणाला, "अक्का, गप. म्हशीचं एक सड आटलं तर उरल्याली तीन दूध देत्यातच की."

शरीराला भाऊ कळत नाही

ऑपरेशन पुण्याला झालं. त्याआधी एका समितीपुढे बसावं लागतं. देणारा माणूस राजीखुशीने देतो आहे ना, हे ते लोक विचारतात. दत्ताला विचारलं, "बहिणीने किंवा कुणी जबरदस्ती केली आहे का?"

"केलीया की. ल्हानपनी हिनं मला एकोनतीसचा पाढा पाठ करायला लावला. तवापास्नं हिला भ्यातोय मी."

सगळे हसले. एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा दत्ता सरळ बसून म्हणाला, "न्हाय मॅडम. माझ्या मनानं देतोय." शालन त्याच्या शेजारी होती. ती काय करत होती, तिचा चेहरा कसा होता, मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ फरशीकडे बघत होते.

मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीराचे पहारेकरी असतात. बाहेरचं काही आत आलं की ते त्यावर तुटून पडतात. या गोळ्या त्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. सकाळी नऊला एक, रात्री नऊला एक, जन्मभर.

दत्ताला हे पटेना. "पर साहेब, ते बाहेरचं कुठं हाय? एका आईच्या पोटातली आमी. हिचं अंग वळखंल की मला."

"शरीराला भाऊ कळत नाही," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "गोळ्या थांबवल्या, तर ते तुमच्या भावालाही मारून टाकेल."

त्यांना यकृत म्हणायचं होतं. बाहेर रांग होती, ते घाईत होते, आणि माणूस अतिशय भला. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. मी पुस्तकात वाढलेली आहे, वाक्यं मला सहज सोडत नाहीत.

मागून येणारा श्वास

अतिदक्षता विभागातले दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवतात. खिडकी नव्हती, दिवस-रात्र सारखेच. पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की मी श्वास सोडला की जरा थांबून आणखी कुणीतरी सोडत होतं. माझ्या खालून, पाठीच्या उजव्या बाजूने. मी श्वास रोखून धरला, तरी तो दुसरा चालूच राहिला. मला भीती वाटली नाही. दत्ता आहे, असं वाटलं आणि मी झोपले. नंतर सिस्टर म्हणाल्या की ती हवेची गादी होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती आपोआप फुगते आणि बसते. मी मान हलवली. पण पहिलं जे मनात येतं, ते नंतर सांगितलेल्या कारणाने पुसलं जात नाही.

तिथे एक मावशी होत्या, साफसफाईच्या. पाणी प्यायची परवानगी नव्हती तेव्हा त्या ओल्या कापसाने माझे ओठ पुसायच्या. एकदा त्यांनी माझे गुंतलेले केस तासभर विंचरले. त्यांचं ते काम नव्हतं. त्या आजारपणातलं मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हेच.

चौथ्या दिवशी दत्ता आला. कमरेत वाकलेला, एका हातात नळीची पिशवी, दुसरा हात भिंतीला. माझ्या तोंडाकडे न बघता पांघरुणाकडे बघून म्हणाला, "काय, कसा हाय मी?"

बाकावरची माणसं

पुढे दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला जावं लागे. बाहेरच्या बाकावर तीच तीच माणसं भेटत. शिरोळकडचे एक पाटील होते, घरचा ऊस आणि थोडी आंब्याची बाग असलेले. त्यांना कुणा अनोळखी मृत माणसाचं यकृत मिळालं होतं. ते म्हणाले, "बाई, ह्ये कलम हाय बगा. फांदी जोडायची, वरनं पट्टी गुंडाळायची. जीव धरला की पट्टी सोडायची. न्हाय सोडली तर आवळून मरतंय झाड. ह्या गोळ्या म्हंजे पट्टी."

"अहो, तसं नाही. या कायमच्या घ्यायच्या असतात."

"पुस्तकात तसं आसंल," पाटील हसून म्हणाले.

त्या बाकावरचं कुणीही अडाणी नव्हतं. पण कुणी यकृताला पावणं म्हणायचं, कुणी दत्तक मूल, तर एक बाई 'सवत' म्हणायच्या. पावण्याला दुखवायचं नाही म्हणून एकाने घरात मोठ्याने बोलणं सोडलं होतं. आत डॉक्टर रिपोर्ट बघायचे, मात्रा लिहायचे. तुम्हाला ही गोळी काय करते असं वाटतं, हा प्रश्न मात्र कधी निघायचा नाही. आणि आम्हीही सांगत नव्हतो.

मी बरा हाय का?

घरी आल्यावर सकाळी नऊला गोळीचा गजर वाजायचा आणि पाठोपाठ दत्ताचा फोन यायचा.

"अक्का, मी बरा हाय का?"

"बरा आहेस. परवाचा रिपोर्ट चांगला आलाय."

"मग जरा लाड कर की माझं. चांगलंचुंगलं घाल खायला."

"पपनस बंद, गाड्यावरचा रस बंद, उघड्यावरचं सगळंच बंद. तुला काय घालू?"

"आयला. हिथं मी मटान हानतोय आनी तिथं माझ्या वाट्याला दूधभोपळा."

दोन वर्षं हा फोन एकही दिवस चुकला नाही. त्याची जखम माझ्याआधी भरली. तो पुन्हा धारा काढू लागला, ऊस लावू लागला. दोघांच्या पोटावर सारखेच वण होते. गावी गेले की तो सदरा वर करून लोकांना दाखवायचा आणि आई त्याला रागवायची.

मग ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी तो मोटारसायकलवरून दूध घालायला डेअरीकडे निघाला. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली एक ट्रॉली बंद पडून उभी होती आणि तिला मागे दिवा नव्हता.

हे मला माहीत नव्हतं. नऊला गजर वाजला, गोळी घेतली, फोन वाजला. दत्ताचाच नंबर. मी उचलून नेहमीसारखं म्हणाले, "बरा आहेस."

 पलीकडून गावातल्या आमच्या शेजाऱ्याचा आवाज आला.

रक्षाविसर्जन

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करतात. राख नदीत सोडायची, दहनाच्या जागी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. शिवला की माणूस समाधानाने गेला. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी मागे राहिलं आहे असं समजून घरचे एकेक पुढे होतात आणि मोठ्याने शब्द देतात.

पानावर मटणाचा रस्सा होता, शिरा होता, कपभर चहा, तंबाखूची पुडी. कावळे समोरच्या चिंचेवर होते. सात-आठ तरी असतील. एकही ओरडत नव्हता, एकही खाली येत नव्हता. चुलतभाऊ पुढे होऊन म्हणाला, म्हशी विकू देणार नाही. मामा म्हणाले, पोरीला शिकवू. मी हात जोडून म्हणाले, शालनला अंतर देणार नाही. ऊन वर आलं. चहावर साय धरली. कावळे मान वाकडी करून आमच्याकडे बघत होते.

आमचे थोरले चुलते, आप्पा, ऐंशीच्या पुढचे. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात ते म्हणाले, "कावळा कशाला शिवंल? सगळा कुठं गेलाय त्यो. निम्मा हितंच हुबा हाय की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही. उजव्या बरगडीच्या खाली बघितलं. मीही खाली बघितलं.

शेवटी पानातला शिरा गाईपुढे ठेवला आणि माणसं उठली. परत येताना रस्त्यात बायका बाजूला होऊन मला वाट देत होत्या.

आई तोपर्यंत रडली नव्हती. निरोप आला तेव्हा नाही, मढं उचललं तेव्हा नाही. त्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या उजव्या कुशीवर हात ठेवला. म्हातारीचा खरखरीत, गरम हात.

"दत्ता," ती म्हणाली, "जेवलास का रं?"

मला तिला थांबवता आलं असतं. हात हळूच बाजूला करता आला असता. मी म्हणाले, "व्हय."

हात

त्या 'व्हय' नंतर सगळं आपोआप होत गेलं. आई माझ्या ताटात दोनदा वाढू लागली. एकदा माझं नाव घेऊन, एकदा त्याचं. भेटायला येणाऱ्या बायका आधी शालनच्या गळ्यात पडून रडायच्या, मग डोळे पुसून माझ्याकडे यायच्या आणि न विचारता कुशीवर हात ठेवायच्या. एका आजीने कान लावून ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. काय ऐकलं, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

शालन एकदाही हात लावायला आली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. मला वाटलं, तिला ते सहन होत नसेल.

तेराव्यानंतर मी कोल्हापूरला आले, आई माझ्याबरोबर आली. सकाळी नऊला गजर वाजला की ती येऊन हात ठेवायची आणि विचारायची, "बरा हाईस न्हवं?" माझ्याकडे ती बघायची नाही. मी गोळी घ्यायचे ते तिला मध्येच आलेल्या अडथळ्यासारखं वाटायचं, हात ठेवूनच ती थांबायची.

आता त्या वेळचा माझा विचार क्रमाने मांडते. आता तो मलाही वेड्यासारखा दिसतो. पण आतून तो वेडा नव्हता, त्यात एक पायरी दुसरीला धरून होती. शरीराला भाऊ कळत नाही. गोळी पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवते. म्हणजे गेली दोन वर्षं मी दत्ताला एका अंधाऱ्या खोलीत लपवून ठेवलं आहे. तो जिवंत होता तोवर ठीक होतं. आता उरलेला दत्ता पुढे गेला आहे आणि हा इथे दार लावून बसला आहे. कावळ्याला ते कळलं, आप्पांना कळलं. मी गोळी थांबवली की पहारेकरी जागे होतील, त्याला शोधून काढतील, बाहेर काढतील आणि मग तो सगळा जाईल.

त्याच वेळी शिरोळच्या पाटलांची पट्टीही माझ्या मनात होती. दोन वर्षं झाली, जीव धरला असेल, काहीच होणार नाही. दत्ता जाईल, आणि मला काहीच होणार नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही हे मला दिसत नव्हतं. माझ्या मरणाचा विचार आला नाही असं नाही. तो बाहेर चपला काढून बसलेल्या माणसासारखा होता. आत कुणी बोलावलं नाही.

आधी रात्रीची गोळी सोडली, दुसऱ्या दिवसापासून सकाळचीही. पाणी प्यायचे, गोळी मुठीत ठेवायचे आणि नंतर शिवणाच्या डब्यात टाकायचे.

एकोणीस दिवस

पहिला आठवडा काहीच झालं नाही. उलट हलकं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला जडपणा आला, लघवी गडद झाली, मग ती जुनी ओळखीची खाज तळव्यांपासून सुरू झाली. मी खाजवत बसायचे आणि मनात म्हणायचे, निघाला. संध्याकाळी शाळेतलं रजिस्टर पुन्हा पुन्हा तपासायचे. नावं बरोबर होती.

एका सकाळी आई हात ठेवून बराच वेळ बसली. "आज गप गप हाय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी म्हणाली, "बोलंना झालाय."

सतराव्या दिवशी तिने हात ठेवला आणि लगेच उचलला. पदराला पुसला. "गार लागतोय गं," ती म्हणाली. त्या दिवशी मला एकशे एक ताप होता. तिचा हात गरम होता, माझं अंग त्याहून गरम होतं. तरी ती गार म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी शालन आली. अपघाताच्या कागदांसाठी तिला कोल्हापुरात काम होतं. दारातच तिने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"वन्सं, आरशात बघितलं काय आज? डोळं हळदीगत झाल्यात."

"जागरण झालंय."

तिने फळीवरचा गोळ्यांचा डबा उघडला, शेजारच्या शिवणाच्या डब्यातल्या सुट्या गोळ्या बघितल्या, मग माझ्यापुढे येऊन खाली बसली. "कवापास्नं न्हाय घेतल्या?"

मी तिला सगळं सांगितलं. अगदी नीट, वर्गात धडा समजावून सांगावा तसं. पहारेकरी, अंधारी खोली, कावळा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी लई शिकल्याल्या," ती म्हणाली. "मी दहावी. मला एकच सांगा. त्या कमिटीपुढं सही कुणाची व्हती?"

"दत्ताची."

"आनी माझी. बायकोची सही लागती. पेन दिलं हातात, म्हनले वाचून मग करा. मी वाचलं. देनारा दगावू बी शकतोय, आसं लिवलं व्हतं. आदल्या दोन दिसांत माझ्या पोटात घास गेला नव्हता. तरी केली सही. तुमी कवा इचारलं का मला, शालन, तुझं काय गं?"

मी विचारलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही.

"त्यो तुमच्यात बिमच्यात काय न्हाय. त्यो गेला. त्याचं तोंड सरकारी दवाखान्यात मी बघितलंय, तुमी न्हाय. तुमच्याकडं हाय ते आमी दोघांनी दिल्यालं हाय. देऊन टाकल्यालं. ते आता तुमचं. आनी तुमी ते हाकलून लावायला बसलायसा व्हय?"

दारात आई उभी होती. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शालन, हळू बोल. त्यो आयकंल."

शालनने सासूकडे बघितलं. "आत्ती," एवढं म्हणून ती थांबली.  मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उठा. कापडं भरा. गाडी बघून येते, आत्ताच्या आत्ता पुन्याला जायचं."

विचारलेला प्रश्न

यकृताचा तुकडा सुईने काढून तपासला. अंगाने ते नाकारायला सुरुवात केली होती. सलाइनमधून जोरदार औषध सुरू झालं. आठवडाभर कुणी नक्की काही सांगेना. शालन खाली चटईवर झोपायची. आम्ही फार बोललो नाही. एकदा तिने माझी वेणी घातली, एकदा मी तिला मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

डॉक्टरांना मी खोटं सांगितलं नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी नेमकं काय करते असं तुम्हाला वाटत होतं?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारत होतं. मी रक्षाविसर्जनापासून सांगितलं. ते हसले नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "मी भाऊ म्हणालो होतो?"

"हो."

"यकृत म्हणायला हवं होतं." मग म्हणाले, "बाकीच्यांनाही विचारायला हवं होतं."

रिपोर्टमधले आकडे हळूहळू उतरले. काही भाग कायमचा निकामी झाला आहे. गोळ्या वाढल्या आहेत, आणि पुढच्या वेळी परत फिरायला जागा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाताना बाहेरच्या बाकावर पाटलांची चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, त्यांनी पावसाळ्याआधीच गोळ्या सोडल्या होत्या. पुढचं मी विचारलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमची गोष्ट काय आहे, ती डॉक्टरांना सांगा. वेडगळ वाटली तरी सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

नऊ वाजता

घरी आल्यानंतरची पहिली सकाळ. शालन स्वयंपाकघरात होती. गजर वाजला. मी गोळी तळहातावर घेतली. आई आली, शेजारी बसली आणि तिचा हात पुढे आला. तो माझ्या अंगाला लागायच्या आधीच मी मनगट धरलं. ते इतकं बारीक झालं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आई, ह्ये माझं हाय," मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. किती आठवड्यांनी बघत होती. "आनी त्यो?"

"दत्ता गेला, आई."

"सगळा?"

मला वाटत होतं की हा एक शब्द मला उच्चारता येणार नाही. खरं तर, तो आधीच सगळा गेला आहे हे म्हणावं लागू नये म्हणूनच मी मरायला निघाले होते.

"सगळा."

तिने हात सोडवून घेतला. त्या हाताचं काय करायचं ते तिला कळेना. तो थोडा वेळ हवेत राहिला, मग तिच्याच मांडीवर पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग ती रडू लागली, तो गेल्यापासून पहिल्यांदा. आधी आवाज नव्हता, नुसता श्वास अडकल्यासारखा. मग आवाज फुटला, आणि तो इतका मोठा होता की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. शालन आतून धावत आली, तिने आईला धरलं.

मी गोळी तोंडात टाकली. पहिल्या घोटाला ती घशात अडकली. मी आणखी पाणी प्यायले, आणि ती खाली गेली.